भट्टी पुढच्या हिवाळ्यात

बर्नी,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी वॉलनट स्ट्रीटच्या घराकडे जातोय. गाडी नेलीय, तुला आज बसनं जावं लागेल. चिडू नकोस.

दहा वाजता बँकेचा माणूस त्या घराची किंमत ठरवायला येतोय. आकडा चांगला आला तर त्या घरावर कर्ज वाढवून मिळेल आणि चौथं घर आपलं झालंच म्हणून समज. तळघरातली घर गरम ठेवणारी जुनी गॅसची भट्टी आधी बदल, असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, "तो माणूस ग्रॅनाइटचा ओटा बघतो गं, भट्टी कोण बघतंय? पुढच्या हिवाळ्यात बघू." तू भांडी आपटलीस.

काल संध्याकाळी त्या घरातल्या आपल्या भाडेकरू मिसेस ओस्ट्रोवस्कींचा फोन आला होता. भट्टीतून विषारी वायू गळला की वाजतो तो अलार्म सारखा बोंबलतोय आणि डोकंही जड झालंय, म्हणाल्या. मी हसलो. "बॅटरी उतरली असेल हो, काढून ठेवा. आणि खिडक्या घट्ट लावा, उद्या घर छान उबदार हवं."

"बरं बाबा, तू म्हणतोस तर," म्हणाल्या, आणि अलार्म गप्प झाला.

वाटेत दालचिनीचे रोल घेतो. त्यांच्या ओव्हनमध्ये गरम केले की घरभर वास सुटतो, आकडा वर जातो. वायू तपासायला आगीचा बंब बोलवावा असं एकदा मनात आलं होतं, पण तो दारात दिसला तर बँकेचा माणूस आल्या पावली परत जाईल. आधी मीच बघतो.

पहाटेपासून त्यांना फोन लावतोय. एरवी पहिल्या रिंगलाच उचलतात. झोपल्या असतील.

लेन