दारामागच्या खिळ्यावरचा कोट

टाकानिनी, ऑकलंड
१७ सप्टेंबर २०१७

तीर्थरूप वसुंधरामावशीस,

मृणालिनीचा वाकून नमस्कार (गुडघा दुखतोय म्हणून अर्धाच, उरलेला सांगलीला आल्यावर). तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आणि आता तुला मुंगीसुद्धा दिसते असं कळलं. आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण हे पत्र आता तू कुणाकडून वाचून न घेता स्वतःच वाचणार. रवींद्र बरे आहेत. रोज अल्बनीला जाऊन-येऊन अर्धं आयुष्य मोटरवेवर काढतात. सुयशला मी मराठीत कितीही रागावले तरी तो 'स्वीट ॲज, आई' (इथल्या बोलीत 'चालतंय की') म्हणून निघून जातो.

माउंट वेलिंग्टनला मी ज्या ऑफिसात लागले आहे, तिथे लोकांचे जुने कागद स्कॅन करून देतात. इंटरव्ह्यूत मला विचारलं, आणखी काय येतं? मी म्हटलं, शॉर्टहँड. (तुझ्या शॉर्टहँडच्या इन्स्टिट्यूटमध्ये तिसऱ्या बाकावर दोन वर्षं बसून मी मिनिटाला ऐंशी शब्दांच्या परीक्षेत दोनदा आपटले, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) शॉर्टहँड आता कुणाला लागणार, असं मला वाटलं होतं. पण जुलैत अकरा खोकी आली. शंभर वर्षांपूर्वी इथे मुलींना टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवून ऑफिसात नोकरीला लावणारं एक कॉलेज होतं, त्याचे कागद. त्यात विद्यार्थिनींच्या वह्या. नायरी म्हणून माझी सुपरवायझर आहे, माओरी, साठीची, शब्दाला पक्की. तिने अख्ख्या ऑफिससमोर जाहीर केलं की आपल्याकडे हे वाचणारी बाई आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

एक वही मर्टल नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीची होती, १९१८ सालची. सुरुवातीचं मला खरंच वाचता आलं, मावशी, तुझी शपथ. डिक्टेशनची पत्रं ती: आपले चार तारखेचे पत्र पावले, लोण्याच्या साठ पेट्या बोटीवर चढवल्या आहेत, वगैरे. जाड रेघ जाड, बारीक रेघ बारीक, तू पाठ थोपटली असतीस असा हात. मग नोव्हेंबर आला, शहरात फ्लूची साथ आली, आणि पत्रांच्या मधेमधे ती वर्गातली रिकामी बाकं टिपायला लागली. आज चार. आज नऊ. मग एके दिवशी मास्तरीणबाईसुद्धा आल्या नाहीत. त्यानंतर एकच पान. त्यावरच्या रेघा इतक्या फिक्या की कागदाला पेन्सिल टेकली होती की नाही असा प्रश्न पडावा, आणि स्वराचं टिंब एकही घातलेलं नाही. क आणि ट तेवढे दोनदा ओळखू आले. आता त्याला कोट म्हण, कॅट म्हण, कट म्हण. मी ते पान स्कॅन केलं, खोकं बंद केलं आणि सुटले म्हणून चहा प्यायले.

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता हेझलबाई आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, ओठांना लिपस्टिक. मर्टल ही त्यांच्या आईची थोरली बहीण. त्या साथीतच गेली. वहीत काय आहे हे त्यांच्या घरात कुणालाच कधी वाचता आलं नव्हतं, म्हणून त्या बसने दोन तास प्रवास करून आल्या होत्या. नायरीने त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि शेवटचं पान उघडलं.

मावशी, मला नाही म्हणता आलं नाही. त्या बाई माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जसे आपण रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघतो. म्हटलं, काहीतरी गोड बोलावं आणि म्हाताऱ्या जिवाला घरी पाठवावं. तोंड उघडलं आणि बोलले, "केटला सांगा, कोट धुण्याच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला आहे. तिने घालावा. मला आता लागणार नाही."

हेझलबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "कुठल्या खोलीत म्हणालात?"

"धुण्याच्या."

"केट माझी आई," त्या म्हणाल्या. "तेव्हा नऊ वर्षांची होती. मर्टलने तिला तो कोट देईन म्हणून सांगितलं होतं. घरभर शोधला, मिळाला नाही. आजीला वाटलं, कुणी चोरला. धुण्याची खोली पाडली तेव्हा दारामागे सापडला, कसर लागलेला. तोवर आईचं लग्न होऊन मी शाळेत जायला लागले होते."

खोलीत हीटर चालू होता. माझ्या हातावर काटा आला तो घरी येईपर्यंत बसला नाही. हेझलबाई रडल्या नाहीत. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, निदान तिने सांगितलं तरी होतं, आमच्याकडेच वाचणारं कुणी नव्हतं. आणि गेल्या.

मी नायरीला खरं सांगून टाकलं: हे मी मनाने रचलं, मला ते पान वाचता येत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. ती रागावली नाही. म्हणाली, "ते मला कळलंच. तू वहीकडे बघतच नव्हतीस. दाराकडे बघत होतीस." मग मला नळाशी नेलं, स्वतः हात धुतले, माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं. मयतावरून आल्यावर आपण करतो, तसंच.

तब्येतीला जप. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझी,
मृणालिनी

ता. क. : त्या पानाचा मोठा करून घेतलेला फोटो सोबत ठेवला आहे. तुझा एकशेचाळीसचा स्पीड होता, तुला स्वर नसले तरी वाचता येईल. खरं काय लिहिलंय ते बघ. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : त्यात कोटाचं काहीच नसेल, तर मला कळवू नकोस. हेझलबाईंना तोंड दाखवायचा धीर माझ्यात नाही.

ता. क. ३ : आणि असेल, तर मुळीच कळवू नकोस. मला रोज त्याच खुर्चीत, त्याच दारासमोर बसायचं आहे. उत्तर मात्र पाठव; सांगलीत हळदीचा भाव काय चाललाय तेवढंच लिही.