धक्का द्याले कोणी नाही

पिंपळगाव राजा, मंगळवार. दिवाळी सरली.

जीपचा स्टार्टर पुन्हा गेला. आत्ताच तर खामगावच्या मिस्त्रीकडून वायंडिंग भरून आणला होता! सवारी उतरवली अन् उंद्रीच्या रस्त्यावर चावी फिरवली त नुसता खट् वाजला. मिस्त्री म्हणे, "आतलं सामान जुनंच राह्यते, टिकन कसं?"

पण हा खट् तर मागच्या साली बी होता. तवा त्याचं काहीच काऊन वाटलं नाही? तवा मागं कापूस वेचणाऱ्या बाया बसत. शांताबाई ओरडे, "उतरा वं, धक्का द्या!" अन् साऱ्या हसत हसत ढकलत.

औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. बाया कामाले सुरतले गेल्या.

खट्. मंग एकट्यानंच उतारापर्यंत ढकलली, उडी मारून आत बसलो, गेर टाकला. इंजन सुरू झालं अन् मी ब्रेक दाबून थांबलो. सवयीनं. बाया आत बसाच्या राह्यल्या म्हणून.