बाबांसाठी धुळ्यात खोली

ता. १९ नोव्हेंबर १९३४, सोमवार. धुळे.
दिवाळीची सुटी संपली. मी अजून शाळेच्या नकाशांच्या खोलीतच. एका भिंतीला हिंदुस्थान, दुसरीला युरोप, मधे माझी वळकटी. मुख्याध्यापिका बाई आज म्हणाल्या, "नाताळाआधी तपासणी आहे. तोवर सोय बघा हो कुठेतरी."
बघते आहे. जूनपासून तेच करते आहे.
मालवणहून बाबांचं पत्र, शेजाऱ्यांच्या हातचं. चुलीवर भात उतरवताना हात भाजला म्हणे, "पण काळजी नको." डाव्या डोळ्यानं दिसत नाही, घरात दुसरं माणूस नाही. जन्मभर तांडेल म्हणून गलबत हाकलं, आता भाताचं भांडं हाकता येत नाही. त्यांना इथे आणायचंच. पण कुठे? युरोपखाली?

ता. २२, गुरुवार.
गोदूबाईंबरोबर (दुसरीच्या वर्गाच्या. पारोळ्याच्या. सोन्यासारखी बाई) दोन जागा पाहिल्या.
पहिली कापसाच्या पेढीवरची. हवेशीर. मालक पानाला चुना लावत म्हणाले, "यजमान काय करतात?" म्हटलं, चार वर्षं झाली, वारले. पान तोंडात गेलं. मग म्हणाले, जागा भाच्यासाठी ठेवली आहे.
दुसरीकडे बाईच होत्या, म्हणून आशा वाटली. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं नि विचारलं, "रात्री येणं-जाणं कुणाचं?" माझ्याऐवजी गोदूबाई बोलल्या. पुष्कळ बोलल्या. तिथेही नाही.

ता. २५, रविवार.
जुन्या धुळ्यात पांझरेच्या काठाशी एक अक्का आहे. साठीची, विधवा, दोन म्हशी, गळ्यात तुळशीची माळ. परसात सुटी खोली, सध्या ज्वारीच्या पोत्यांनी भरलेली. खिडकीतून नदी दिसते.
"आठे बठ, वं माय," म्हणाली नि शेजारची जागा दाखवली. निम्मं बोलणं कळतं, निम्मं अंदाजानं. मी बाबांचं सगळं सांगितलं, डोळ्याचंही. ती ऐकत राहिली. मग: "एकली बाईले खोली दिधी ते लोक माले बोलतीन. तुना बाप येवा दे. मी त्याले देखसू, मंग देसू."
म्हणजे बाप आधी, खोली मागाहून. आणि खोलीशिवाय मी बापाला आणणार कुठे?
तरी तिनं 'नाही' म्हटलं नाही. आज पहिल्यांदा.

ता. १ डिसेंबर, शनिवार.
पुन्हा गेले होते, विनवायला. अक्का दारातच शेण थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काय वं, बाप उना का तुना?"
उणा!
एक डोळा गेला म्हणून उणा? तिला मीच विश्वासानं सांगितलं होतं. "माझे बाबा उणे नाहीत," एवढंच म्हटलं आणि परत फिरले. ती मागून काहीतरी बोलत राहिली.
नदीवर बसले जरा वेळ. पाणी घोटाभर.

ता. ३, सोमवार.
मधल्या सुटीत गोदूबाईंना सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि इतक्या हसल्या की मुली दारात जमल्या.
"अगं, उना म्हणजे आला. बाप आला का, विचारत होती ती तुला."
सहा महिने या गावात काढले आणि 'आला' हा शब्द ठाऊक नाही. लाज वाटली. आणि हलकंही.

ता. ४, मंगळवार.
शाळा सुटल्याबरोबर अक्काकडे. काय समजले होते ते सगळं सांगितलं. ती हसली नाही. शेणाचे हात धुऊन आली, शेजारी बसली.
"तवाच म्हनं, मास्तरीनले काय झायं." थोड्या वेळानं विचारलं, "बापवर येवढी माया शे?"
मला रडू आलं. तिनं ते पाहिलंच नाही असं केलं. उठून म्हशीला पेंड घातली.
जाताना म्हणाली, "रईवारले ये. पोतं हालाडाले हात लाव."

ता. ९, रविवार.
पोती हलवली. खोली सारवली. संध्याकाळी वळकटी आणली. शेजारणी डोकावत होत्या. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, मास्तरीनना बाप बोटीवर बठेल शे, येईच राहिना. म्हणजे येतोच आहे. बाबा अजून मालवणातच आहेत. त्यांना आजच पत्र टाकलं.

ता. २९, शनिवार.
बाबा आले. मुंबईपर्यंत आगबोट, मग रेल्वे, चाळीसगावला बदलून धुळं. ओळखीच्या माणसानं सोबत केली. अंगात एकच सदरा, थंडीनं काकडलेले.
अक्का 'देखणार' होती. तिनं देखलं. म्हणाली, "दमी ग्यात. बठा." कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा. पहिल्या घासाला बाबांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी. म्हणतात, "बरा आसा."
खिडकीशी उभं राहून नदी पाहिली. "ही न्हंय खंय जाता?"
म्हटलं, तापीला मिळते. तापी सुरतेकडं, समुद्रात.
"म्हंजे आपल्याच दर्यात." तेवढ्यावर झोपले.

ता. ३१.
मोठी पंचाईत. बाबांच्या ट्रंकेत कपड्यांखाली सुके बांगडे, डबाभर सुंगटं, सुकी कोळंबी. झाकण उघडलं तेव्हा अक्का दारातच होती. माळकरी बाई. पदर नाकाला लावला नि माघारी गेली.
बाबांना सांगितलं, इथे हे शिजवायचं नाही. "बरां," म्हणाले. ट्रंक बंद केली.

ता. ८ जानेवारी १९३५, मंगळवार.
बाबा दोन घास खातात, उठतात. भाकरी चावत नाही, वरण गोड लागत नाही. रोज विचारतात, चाळीसगावची गाडी कितीला सुटते. मी रोज वेगळी वेळ सांगते.
आज अक्कानं ताट पाहिलं. "म्हातारा खास नही का?" म्हटलं, खात नाहीत.

ता. ११, शुक्रवार.
अक्का मोटारीनं पारोळ्याला लेकीकडे गेली. गाठोडं घेऊन दारात थांबली, म्हणाली, "तीन दिस मी आठे नही. कवाडं उघडी ठेवजो. वारा येवा दे."
वाक्य कळायला मला बराच वेळ लागला. या वेळी भाषा अडली नव्हती.
संध्याकाळी बांगडा भाजला. बाबांनी तीनदा भात घेतला.

ता. १४, सोमवार. संक्रांत.
शाळेला सुटी. पहाटेपासून चूल सारवली, भांडी राखेनं दोनदा घासली, धूप घातला. बाबा म्हणतात वास गेला. त्यांच्या नाकावर माझा भरवसा नाही.
राहतील का, विचारलं. "शिमगो होऊ दे, मगे बघूया," म्हणाले.
मोटार चारला येते. तिळगूळ बांधून बाबा मघाशीच बाहेर पडले, अक्काला आणायला. मला सोबत येऊ दिलं नाही. स्टँडची वाट त्यांना ठाऊक नाही. कुणाला विचारणार, कुठल्या भाषेत, देव जाणे.
साडेचार झाले.