सांडव्यावरची पोती

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी आंघोळ करून साती आसरांना, पाण्याच्या देवींना, फुलं वाहायला धरणाखाली गेलो. बांधाच्या तळाशी त्यांचे सात दगड. जागा नेहमी कोरडी. आज दगडांच्या मधून पाण्याची बारीक धार लागलेली! हात जोडले. तीर्थ म्हणून ओंजळभर प्यालो. गार, नितळ पाणी. दिवसभर मन भरून होतं.

२० सप्टेंबर

गाव लोटला. नारळ, उदबत्त्या. सरपंच अनंता सगळ्यांना सांगत होता, "पोती रचली म्हणून देवी पावली!"

गणपती झाल्यावर घरटी एक पोतं मातीनं भरून सांडव्यावर रचलं – जादा पाणी ओढ्यात जाऊ नये, वैशाखापर्यंत पुरावं म्हणून. आमचं पोतं बायकोनं, रंगूनं, स्वतः डोक्यावरून नेलं. धरणात पाणी हातभर चढलंय.

२१ सप्टेंबर

धार मनगटाएवढी झाली. आणि गढूळ! ओंजळीत घेतलं तर तळाला लाल माती बसली. बांध आतून वाहून चाललाय – आणि मी तीर्थ प्यालो!

अनंताला म्हटलं, पोती आजच काढा, पाण्याचा जोर कमी होऊ दे. हसला. "दादा, तुमी माळकरी ना? देवीवर भरवसा नाय?"

संताप संताप झाला. देवीवर आहे, तुझ्यावर नाही! हाव आपली आणि नाव देवीचं! आमच्या बापांनी दुष्काळात पाट्या वाहून हा बांध घातला. त्यानंतर त्यावर मूठभर माती कुणी टाकली नाही. अगरबत्त्या मात्र लावतात.

२२ सप्टेंबर. घट बसले.

पाटबंधारे खात्याच्या साहेबांना फोन केला. "दिवाळीनंतर पाहणी करू." दिवाळीनंतर! जसं पाणी त्यांना विचारून फुटणार आहे.

रुपालीचं सासर बांधाखालच्या पाड्यात. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, अंगणात ओल आलीय. पोरांना घेऊन येऊ का?" ये म्हटलं. पण बाकीच्यांची पोरं?

संध्याकाळी रंगूला सांगितलं, पोती मीच काढतो. भडकलीच. "उन्हाळाभर डोंगरातल्या झऱ्याला खेपा कोण घालतं? तुमी कदी एक हंडा वाहिलात? आले मोठे पोती काढणारे!"

साहेबावर ओरडता येतं, अनंतावर येतं. हिच्यावर नाही. ती खरं तेच बोलत होती.

एवढंच म्हणालो, "पाड्यात लेकरं झोपतात गो." ती चुलीकडे वळली.

२३ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. धार लालभडक. अजून नारळ फुटतायत!

२४ सप्टेंबर, बुधवार

पोती काढली. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. पहिलं आमचंच ओढलं. अनंता काठावरून शिव्या घालत होता. दुसऱ्या पोत्याला हात घातला, तर पलीकडचं टोक कुणीतरी धरलं – रंगू!

"ओढा आता," म्हणाली. "आणि फाल्गुनापासून झऱ्यावर तुमी जायचं."