सासूचा दुपट्टा

यवतमाळ, १२ डिसेंबर २००५

मायले दवाखान्यातून जयभीम.

मी अन् पोरगी आता बऱ्या आहो, रडू नको. बाळंतपणानंतर आठ दिवस माह्यं डोकं फुटत होतं, डोयापुढं अंधारी येत होती. सासू म्हणे, "वारं लागलं, दुपट्टा बांध, नाटकं करू नको." पोरीले लस द्याले आली, तं इथं नर्सनं माह्या बीपी मोजला अन् मले लगेच भरती केलं. अजून उशीर झाला असता तर झटके आले असते म्हणे.

बाबाचा कापूस अजून घरातच पडून आहे काय?

काल इथं माह्यापाशी थांबलेल्या सासूचं डोकं दुखलं. मी तोच दुपट्टा तिच्या हाती देल्ला. म्हटलं, "बांधा, नाटकं करू नका." मंग नर्सले हाक मारली, पण पोरगी पोटभर पिऊन झोपल्यावर.

तुही लेक,
सुकेशनी