कनवटीचा चाकू

माय, तुझ्या नातवाचं लग्न झालं. काल मांडव उतरला. उरलेल्या पत्रिकांची मागची बाजू कोरी आहे, त्यातल्या एकीवर लिहितेय. तुला अक्षर कळत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणून शुद्धलेखनाची भीती नाही. पण हे तुलाच सांगायचंय, दुसरं कुणी ऐकलं तर म्हणेल, एवढ्याशा चाकूचं काय कौतुक लावलंय.

बाकीच्या बायांच्या कनवटीला पान-तंबाखू असायची, तुझ्या कनवटीला चाकू. एक पातं, लाकडाची मूठ, मिटला की बोटाएवढा. शेळ्यांमागं दिवसभर रानात हिंडायचं, तिथं कोण काय आणून देणार? शेळीचे खूर वाढले, काढ चाकू. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला, काढ चाकू. मग तोच पदराला पुसून कांदा चिरायचा आणि बांधावर बसून भाकर खायची. उघडताना टक् असा आवाज यायचा, तो मला फार आवडायचा. शिरूरच्या बाजारात असल्या चाकूंचा ढीग असायचा. तू एकेक उघडून अंगठ्यावर धार बघायचीस. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मावशे, सारे एकच हायेत." तू म्हणायचीस, "मग मी कोनता बी बगितला तर तुला कावून तरास व्हायलाय?"

एकदा मी त्याच्यानं कुलूप उघडायला गेले आणि टोक मोडलं. मी रडत बसले, माराच्या भीतीनं नाही, चाकूसाठी. तू त्या टोकाकडं ढुंकूनही बघितलं नाहीस. माझी बोटं उलटीपालटी करून बघितलीस आणि वर मलाच रागावलीस, "लोखंडासाठी रडती व्हय गं? ते बाजारात मिळतंय. बोट गेलं असतं तर कुठून आनलं असतं?" पुढच्या बाजारी दुसरा आला. सासरी धाडताना तू एक नवाकोरा माझ्या कनवटीला खोचलास. म्हणालीस, "हारवला तर जीव लावून बसू नगं. पन कनवट रिकामी ठिवू नगं."

नाही ठेवली, माय. हे गेले तेव्हा पोरगं रांगत होतं. शेळ्यांवर घर चालवलं, तुझ्यासारखंच. थोरल्या जाऊबाईंना मात्र माझी मेहनत कधी दिसली नाही, चाकू तेवढा दिसायचा. बाईच्या कमरेला हे शोभतं का, म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायचे, पण आत लागायचंच.

तर हळदीचा दिवस. सवाष्णी पोराला हळद लावताहेत आणि मी मांडवाच्या कडेला उभी आहे. लांब राहा असं कुणी म्हणालं नाही, पण ये असंही कुणी म्हणालं नाही. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लोखंड लागतं, लिंबू टोचलेली कट्यार, त्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. ती कट्यार दिरांनी चौसाळ्यात कुणाकडं तरी सांगून ठेवलेली आणि आणायचीच विसरले. दारात हलगी वाजतेय, मारुतीच्या दर्शनाला निघायचंय आणि नवरदेव पाटावर अडकलेला. कुणीतरी विळा पुढं केला. पोरगं म्हणालं, "विळा घिऊन देवाकडं जाऊ व्हय? ऊस तोडाया चाललोय का मी?" सगळे हसले. मग माझ्याकडं बघून म्हणालं, "आई, तुझा चाकू दे."

मी कनवटीला हात घातला आणि जाऊबाई मधे आल्या. "थांब. तिच्या हातचं नगं. शुभ काम हाय."

त्या घडीला मला जाऊबाईंची भीती वाटली नाही, पोराच्या तोंडाची वाटली. तो गप्प बसला असता तर मी जन्मभर त्या कडेलाच उभी राहिले असते. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मला ह्याच हातानं वाढवलंय. आईनं दिला तर उठतो, न्हाईतर बसलोय हितंच."

जाऊबाई "मिटता चाकू हाय, पोराचं बोट कापंल," एवढंच म्हणाल्या. मी मांडवाच्या मधोमध चालत गेले. चाकू उघडला, टक्. मिटू नये म्हणून सांध्यावर सुताचा दोरा घट्ट गुंडाळला, टोकाला लिंबू टोचलं आणि पोराच्या पिवळ्या मुठीत दिला. त्यानं माझाच हात धरला आणि उठला. देवळापर्यंत मी त्याच्या शेजारून चालले, साऱ्या गावादेखत, मान वर करून. माय, मी जिंकले गं. लई बरं वाटलं.

आता एवढंच राहिलं. पोरानं साऱ्यांना सांगितलं, हा माझ्या आजीचा चाकू. बाया येऊन त्याला हात लावून नमस्कार करत होत्या, एकीला तर रडू आलं. तू दिलेला मी पहिल्याच वर्षी रानात हरवला होता, त्यानंतर किती आले नि किती गेले. हा गेल्या महिन्यात आष्टीच्या बाजारात घेतलाय, मुठीवरच्या किमतीच्या चिठ्ठीचा चिकटपणासुद्धा अजून गेला नाही. रात्री जेवताना जाऊबाईंनी हळूच विचारलं, "खरंच तुझ्या मायचा का गं?" मी हो म्हणाले. म्हणून सुनेच्या हाती लागायच्या आत ही पत्रिका चुलीत घालते.