हसल्यास कारण सांगावे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर वाकेल तितका वाकून, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (खरंच विचारतोय. मागे फोनवर विचारलं तर "विषय बदलू नकोस" म्हणालीस.) डोळ्यांत थेंब घालतेस का, की बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे नुसतीच बघत बसतेस? इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी आणि तुझी भावजय खुशाल आहोत. आमच्या लेकीला, टाचणीला, खुशाली विचारली की ती "कशाच्या बाबतीत?" असं विचारते, त्यामुळे तिचं तिच्यावर सोडतो.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जन्मभर मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईला समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नसते, हे मी समजू शकतो. पण परवा तू "पोरीला शाळेतून काढून घरात बसवलंस, हे काय नसतं खूळ?" म्हणून फोन ठेवून दिलास, ते मला लागलं. मी बसवली नाही गं. ती बसली. आधी शाळेच्या फाटकापाशी अडून राहायला लागली, मग आमच्या जिन्यातच, आणि मग एके दिवशी गणवेश, वेणी, बूट, सगळं नीट घालून पलंगावर बसली ती उठलीच नाही. चौदा वर्षांच्या मुलीला उचलून नेता येत नाही, आणि येत असतं तरी त्या दिवशीचा तिचा चेहरा बघून मी नेलं नसतं.

डॉक्टरीणबाई तिला स्वमग्न म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. (माझं त्या शब्दाशी जमत नाही. ही स्वतःत मग्न असती तर निभावलं असतं. ही मग्न असते दुसऱ्यांच्या नळांत. कुठल्या मजल्यावर कुणाचा नळ गळतोय ते हिला जिन्यातून नुसतं ऐकून कळतं, आणि ही ते जाऊन सांगते, मग समोरचा आंघोळीला का निघाला असेना.) शाळा म्हणायची, ती मिसळत नाही. आम्हाला वाटलं, घंटेमुळे. घंटेचा आवाज तिला खरंच सहन होत नव्हता, आणि आम्ही सगळं खापर त्या घंटेवर फोडून मोकळे झालो. आवाज अडवणारं ते कानावरचं यंत्र आणलं. वर्गशिक्षिकेशी भांडून तिची जागा घंटेपासून लांब करून घेतली. घंटा बिचारी काही बोलली नाही.

शेवटी घरीच शिकवायचं ठरलं. तुझी भावजय सकाळीच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जाते (दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन माझं पिते, असं लिहिणार होतो, पण पत्र आधी तिच्या हातात जाणार आहे), तेव्हा मास्तरकी आली माझ्याकडे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडे! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लहानपणी मला शिकवताना तू "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणून कपाळाला हात लावायचीस. आता त्याच घड्यातून पोरीची तहान भागवायची होती. पुस्तकं आणली, चाळली, घाम फुटला. मग मला जे येतं ते मी केलं. पाटी रंगवली.

काय पाटी झाली होती, ताई! निळी जमीन, पांढरी अक्षरं, अक्षरांना बारीक पिवळी सावली, कोपऱ्यांत वेलबुट्टी. सोनाराला केली असती तर त्याने दोनदा चहा पाजला असता. मजकूर: "येथे टाचणीची शाळा घेतली जाईल." दार उघडलं की दिसेल अशी तिच्या खोलीसमोर टांगली आणि सकाळी मोठ्या थाटात हाक मारली.

आता तू बाई जुन्या वळणाची. तुझ्या लेखी शाळा घेणं म्हणजे शिकवणं. आजकालच्या पोरांच्या लेखी कुणाची शाळा घेणं म्हणजे त्याची टिंगल करणं, टोपी उडवणं. मला काय हे माहीत नव्हतं? कामावर आम्ही रंगारी दिवसभर एकमेकांची शाळाच घेत असतो. पण पाटी रंगवताना माणूस अक्षर बघतो गं, अर्थ बघत नाही. आयुष्यभर लोकांचे शब्द रंगवले, वाचला एकही नाही.

तिने मात्र वाचली. हातातला पेला खाली ठेवला, दोन्ही कान झाकले आणि जी गेली ती थेट कपाटात जाऊन बसली. मला आधी वाटलं, निळा रंग आवडला नाही. "अगं, शाळा घ्यायची म्हणजे शिकवायचं," मी जमिनीवर आडवा होऊन सांगत होतो. (का आडवा झालो विचारू नकोस. घाबरलेल्याशी उभ्याने बोलू नये असं कुठेतरी ऐकलं होतं.) आतून आवाज आला, अगदी सपाट, बातम्या वाचतात तसा: "नाही. शाळा घेतात म्हणजे मधल्या सुट्टीत गोल करून उभे राहतात. मधल्याला काहीतरी विचारतात. मधला बोलला की हसतात." मी विचारलं, मधला कोण? तर म्हणाली, "रोज मीच."

आणि मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कधी घेणार? सकाळी की जेवल्यावर?"

ताई, मी रडलो. लपवत नाही. तिला वाटलं होतं, ते काम आता घरच्यांनी अंगावर घेतलंय. आणि ती आरडाओरडा करत नव्हती, फक्त वेळ विचारून घेत होती. तुझी भावजय निरोप मिळताच प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच अंगावर ठेवून धावत आली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. आम्ही दोघं जन्मदाते, आणि आम्ही घंटेशी भांडत होतो. पोरीने सांगितलं का नाही, असं आम्ही विचारलं. "तुम्ही घंटेबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली. खोटं काय आहे त्यात?

पाटी मी तिथल्या तिथे उतरवली आणि पांढऱ्या रंगाचा जाड हात मारला. मग काय लिहू, म्हणून आतल्या बाजूला विचारलं. आतून मजकूर आला: "येथे शाळा भरते." ठीक. भरायला कुणाची हरकत नसते. पण खाली आणखी एक ओळ हवी म्हणाली: "हसल्यास कारण सांगावे." मी धंद्यातला माणूस, म्हटलं, पाटीवर दोन ओळींची गर्दी होते, गिऱ्हाईक वाचत नाही. "मी वाचते," असं उत्तर आलं. लिहिली. 'कारण'मधल्या णचा रंग ओघळला, तो मी मुद्दाम पुसला नाही. ओघळ काय गतीने खाली येतोय ते बघायला ती बाहेर आली. मी तिच्याकडे बघितलं नाही, ओघळाकडेच बघत राहिलो.

तर अशी शाळा भरली. तुला वाटेल, आता सुरळीत झालं असेल. छे! पहिल्याच आठवड्यात मी टाकीचं गणित काढलं. तेच, एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी कधी भरेल. ती म्हणाली, "हे आत्याचं गणित. आधी खालचा नळ बंद करावा." मी म्हटलं, पुस्तकात तसं चालत नाही. ती म्हणाली, दोन्ही नळ एकदम कुणी सोडतच नाही. आणि माझ्यातला मास्तर चेकाळला, ताई. म्हटलं, चल, प्रत्यक्षच दाखवतो. गेलो गच्चीवर, टाकीच्या तळाची चावी धरून जोर लावला, आणि ती गंजकी चावी माझ्या हातातच आली. पाणी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून खाली, मजला न चुकवता. अख्खी इमारत कोरडी आणि जिना तेवढा धुऊन निघाला. खालचे वकीलसाहेब तोंडाला फेस (दाढीचा, आणि थोडा रागाचाही) घेऊन धावत वर आले. ते ओरडत होते, आणि मला, देवाशपथ सांगतो, हसू फुटलं. आवरेचना.

टाचणीने माझी बाही धरली आणि म्हणाली, "कारण सांगावे."

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं: घाबरलो, म्हणून हसलो. हे ऐकून वकीलसाहेबही फिस्सकन हसले. तिने त्यांच्याकडेही मोर्चा वळवला. त्यांनी आधी मोठे डोळे केले, पण माणूस कायद्याचा, नियम कळला की पाळतो. म्हणाले, साबण डोळ्यात गेलाय आणि वर माझीच उलटतपासणी चाललीय, म्हणून हसलो. तिला ते पटलं. मग तिने आपल्या ओढणीचा बोळा टाकीच्या भोकात कोंबला आणि "आता भरेल," म्हणाली. जिना उतरताना एकदम थांबून तिने विचारलं, "मग शाळेतली मुलं पण घाबरली होती का?"

असो. तू उगाच काळजी करू नकोस, आणि जुन्या शाळेत शब्द टाकायचं जे तुझं चाललंय ते थांबव. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, सहज खुशालीचं आहे. थेंब वेळेवर घालत जा.

तुझा,
पालथा घडा

ता. क. मागायचं नाही म्हटलं, पण एक आहे. तुला आठवतंय का, मागच्या खेपेला जेवताना तू तिला हेच टाकीचं गणित घातलंस, तिने हेच उत्तर दिलं, आणि तू ठसका लागेपर्यंत हसलीस? तू कौतुकाने हसलीस. मला माहीत आहे. तिला नाही. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी ती मला विचारते, आत्या का हसली? मी सांगितलं तर "तुम्ही आत्या नाही" म्हणते. तुझ्या हाताने दोन ओळी लिहून पाठव. फार नको, सोपं आणि खरं लिही.

ता. क. दुसरा. भावजयीने पत्र वाचलं. रक्त पिण्याचं ठेवू दे म्हणाली.

आत्या, हे मी लिहिते आहे. बाबांच्या पत्रात चुका आहेत. मी कपाटात नव्हते, कपाटाच्या मागे होते. कपाटात रंगाचे डबे असतात. ओढणी माझी नव्हती, आईची होती. तू का हसलीस ते माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहिलंस तरी चालेल. त्या मुलांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं होतं.